दुसरा रिमोट

शनिवारी दुपारी बाबांनी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून गेमच्या सगळ्या कॅसेट बाहेर काढल्या. एकोणीस होत्या. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं तारा जोडलेल्या माणसाला रिकामे हात सहन होत नसत. एकेक कॅसेट उलटी धरून तिच्या पितळी दातांवरून ते खोडरबर फिरवत होते आणि काळा भुगा कागदावर पाडत होते.

"फुंकर मारून मारून वाट लावलीत तुम्ही दोघांनी यांची," ते म्हणाले. "थुंकी जाते आत. गंज चढतो."

"मी नाही, संग्राम मारायचा."

"तू शिकवलंस त्याला."

आई आतून साडी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी कामणला मावशीच्या उन्नतीची हळद होती. "ही नेसू की हिरवी? आणि तुम्ही नक्की येत नाही ना?"

"त्या डीजेसमोर बसायला? नको ग बाई. माझं जेवण ठेव नि जा. पिठलं ठेव. आणि हिरवी नेस."

"हिरवी विनूची आहे," आई माझ्याकडे बघत म्हणाली.

"मग विचारतेस कशाला?"

दिवाळीत मी त्यांना नवं मशीन आणून दिलं होतं. जुन्या कॅसेट आताच्या टीव्हीवर चालवणारं, हातात मावेल एवढं. जुनं मशीन शहाण्णव साली घेतलेलं; त्याने दहा-बारा वर्षांपूर्वीच मान टाकली होती, पण बाबांनी कॅसेट कोणाला दिल्या नव्हत्या. त्यांची सगळ्यात लाडकी कॅसेट पिवळी, जपानी लेबलाची. खेळाचं खरं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. आम्ही 'होड्या' म्हणायचो. नदीतून दोन होड्या वर जातात, लाल पहिल्या रिमोटची, निळी दुसऱ्या. लाल कायम बाबांची. निळीसाठी माझी आणि संग्रामची मारामारी व्हायची आणि ती त्यालाच मिळायची, कारण तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान होता आणि वेळेवर रडायचा.

त्या शनिवारी निळी मला मिळाली. आम्ही तिसऱ्या धबधब्यापर्यंत गेलो. बाबांचे एकोणचाळीस हजार, माझे सदतीस. खेळ संपल्यावर त्यांनी दुसऱ्या रिमोटची वायर सैल वेटोळं करून ड्रॉवरमध्ये ठेवली. बस, एवढंच. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं आणखी काही घडलं नाही.

रविवारी आम्ही दोघी साडेनऊला घरातून निघालो. पावणेतीनला संग्रामचा फोन आला. तो जूचंद्रला राहतो, आमच्या घराची किल्ली त्याच्याकडे असते. "ताई, बाबा गेले. मी आत्ता येतोय तर... सोफ्यावर बसलेत, हाक मारली तर..." डीजेमुळे मला अर्धंच ऐकू आलं. आईच्या दोन्ही गालांवर हळद होती. रिक्षात ती पदराने पुसत राहिली आणि ती निघेना.

डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक, एक-दीडच्या सुमारास. पिठलं झाकलेलं तसंच होतं.

दहाव्याला नाशिकला जाऊन आल्यावर घर पाहुण्यांनी भरलं होतं. संग्रामचं डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. कुणीतरी विचारलं, शेवटी जवळ कोण होतं? तेव्हा तो आईकडे वळून, सगळ्यांच्या समोर, अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, तू तरी थांबायचं होतंस ना ग."

आईने मान खाली घातली, ती जवळजवळ दोन महिने वर केली नाही.

सुतकात आमच्याकडे टीव्ही लावत नाहीत. तेरा दिवस तो काळाच होता. खाली मशीनचा लाल दिवा मात्र जळत होता, बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. चौदाव्या दिवशी आई वर गच्चीत वाळवण बघायला गेली असताना मी डबा उघडला. पिवळी कॅसेट सगळ्यात वर होती, लेबल खाली करून. बाबा तशी ठेवत नसत. मी ती मशीनमध्ये घातली. बाबांच्या होडीने एकदा वरपर्यंत जाऊन यावं, एवढंच मनात होतं.

पडद्यावर एक चौकट आली. थांबला होतात तिथून पुढे जायचं का, असं मशीन विचारत होतं. चौकटीत थांबलेल्या क्षणाचं छोटं चित्र होतं आणि खाली तारीख. रविवारची. वेळ बारा वाजून सोळा मिनिटं.

चित्रात दोन होड्या होत्या.

मी खाली बसले. जुन्या मशीनमधून कॅसेट उपटली की सगळं पुसलं जायचं. लहानपणी हरायला लागला की संग्राम तेच करायचा; कॅसेट ओढायची आणि 'डाव झालाच नाही' म्हणायचं. या मशीनचं तसं नाही. कॅसेट काढली की शेवटचा क्षण ते स्वतःच्या पोटात ठेवून देतं, तारीख-वेळेसकट. बाबांना मी हे दिवाळीत समजावून सांगितलं होतं. संग्रामला कोणी सांगितलं नव्हतं.

ड्रॉवर उघडला. दुसऱ्या रिमोटची वायर रिमोटभोवती करकचून गुंडाळलेली होती.

मग मी आकडे पाहिले. निळीचे एक्केचाळीस हजार. लालचे आठ हजार दोनशे. बाबांचे आठ हजार पहिल्या वळणावरच होत असत, झोपेतही. रिमोट खाली ठेवला की होडी काठाला लागते आणि निळीच्या मागून नुसती ओढली जाते, आकडा मात्र वाढत नाही. पहिल्या वळणापासून एक्केचाळीस हजारांपर्यंत पोचायला वीस मिनिटं तरी लागतात. म्हणजे बाबांनी रिमोट खाली ठेवल्यावर माझा भाऊ त्यांच्या शेजारी बसून वीस मिनिटं खेळत होता.

आई जिन्यावरून येताना ऐकू आली. मी ते चित्र मशीनमध्ये कुलूपबंद करून ठेवलं. ती सोय आहे त्यात. आणि टीव्ही बंद केला.

मी तेव्हाच आईला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मी शाळेत ग्रंथपाल आहे. हरवलेल्या पुस्तकासाठीही मी मुलांवर आवाज चढवत नाही, ती स्वतःहून आणून देईपर्यंत वाट बघते. पण खरं सांगायचं तर हे कारण नव्हतं. मला त्याला लगेच सोडायचं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो आला, बायकोला, दिपिकाला घेऊन. जेवणं झाली. मी म्हटलं, "एक डाव होड्या?"

"ताई, मूड नाही ग."

"बाबांना बरं वाटलं असतं."

यावर त्याला नाही म्हणता येत नव्हतं. मी कॅसेट घातली. चौकट आली. मी ती तीन सेकंद तशीच राहू दिली, मग 'नवा डाव' दाबलं. त्याच्याकडे पाहिलं नाही. निळी होडी पहिल्याच लाकडावर आपटली.

"काय रे, विसरलास?" दिपिका हसली. "घरी तर फुशारक्या मारतोस."

"सवय गेली."

"कधीपासून?" मी विचारलं.

मी त्याला चार डाव हरवलं. आयुष्यात एवढं नीट मी कधीच खेळले नव्हते.

त्याच्या पुढच्या रविवारी मी चौकट दहा सेकंद राहू दिली आणि पाणी प्यायला उठले. परत आले तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "हे मशीन मी घेऊन जाऊ का? बाबांची आठवण म्हणून."

"नको," मी म्हटलं. "अजून माझा खेळ व्हायचाय."

तो माझ्यामागून गॅलरीत आला. खाली शेजारच्या फेलिशिया आंटी केळीच्या बागेला पाणी देत होत्या. त्या बागेवरही येत्या वर्षी इमारत उभी राहणार म्हणतात. त्याने गॅलरीचं दार लोटून घेतलं.

"तुला काय पाहिजे ताई?"

"तू किती वाजता आला होतास?"

"अकराला. सहज आलो होतो. बाबाच म्हणाले, चल एक डाव. मग म्हणाले जळजळतंय, तू खेळ, मी बघतो. मी म्हटलं ॲसिडिटी आहे, गोळी घ्या. घेतली त्यांनी. दोन मिनिटांवर दवाखाना, मी काय मुद्दाम... एकची फायनल होती माझी, बॉक्स क्रिकेटची. तेच म्हणाले, जा."

"ते दवाखान्यात चल म्हणाले का?"

तो केळीकडे बघत राहिला.

"संग्राम."

"म्हणाले. मी म्हटलं मॅच संपली की नेतो. उशीर होत होता ना, म्हटलं तोवर बसा."

"आणि कॅसेट?"

"ती नंतर. दुपारी परत आलो तेव्हा. टीव्हीवर डाव तसाच थांबवलेला होता, मी जाताना ठेवला तसा. ते समोर बसलेले. मला काही सुचेना, मी कॅसेट काढली." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आईला सांगू नकोस. मेलेलं माणूस परत येणार आहे का?"

म्हणजे मशीनने नोंदवलेली वेळ डाव थांबवल्याची होती. बाबा पुढचा तासभर त्या थांबलेल्या नदीसमोर बसून होते. संग्रामने जाताना टीव्हीही बंद केला नव्हता.

"तू सांग," मी म्हटलं. "पुढच्या रविवारपर्यंत. तुझ्या तोंडाने."

"सांगतो. शप्पथ."

पुढच्या रविवारी त्याला ऑफिसचं काम निघालं. त्याच्या पुढच्यालाही. आई रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की तेच म्हणायची, "पिठलं झाकलं आणि निघाले ग मी. हिरवी साडी नेसून." ती साडी तिने कामवालीला देऊन टाकली होती. उन्नतीच्या लग्नाचा अल्बम मावशीने आणून दिला, तो न उघडता परत पाठवला. मी ऐकून घ्यायचे. माझ्या सुडाचे ते रविवार आई भोगत होती, हे मला कळत होतं, आणि तरी मी गप्प होते. मला संग्राम तिच्यासमोर वाकलेला बघायचा होता. त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. त्याहून कमी मला नको होतं.

अखेर तो आला. आईने कोलंबीचं कालवण केलं होतं, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा घरात मासळी शिजली होती. सगळे टेबलाशी बसलो. आईने त्याला वाढलं, स्वतःच्या ताटात भात घेतला आणि हात तसाच राहिला.

"त्यांना आवडायचं," ती म्हणाली. "त्या दिवशी मी घरी असते तर हेच करणार होते. थांबायला हवं होतं मी."

मी संग्रामकडे पाहिलं. त्याला मी वेळ दिला.

त्याने डावा हात पुढे करून आईच्या मनगटावर ठेवला. "जाऊ दे आई," तो म्हणाला. "किती दिवस मनाला लावून घेशील? माझ्या मनात काही नाही आता. कोणी तुला दोष देत नाही."

दिपिकाने मान डोलावली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यात उपकार मानल्यासारखं काहीतरी होतं. ते मी पाहिलं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "तू म्हणतोस म्हणून," ती म्हणाली.

मी उठले, हात धुतले, टीव्ही लावला.

"आत्ता कुठे गेम काढतेस विनू, जेवताना?" आई म्हणाली.

"ताई," संग्राम म्हणाला. "ताई, नको."

मी पिवळी कॅसेट घातली. चौकट आली. या वेळी मी काहीच दाबलं नाही.

"काय आहे ते? चष्मा दे माझा," आई म्हणाली.

"काही नाही ग, जुना डाव आहे," संग्राम खुर्ची सरकवून उठला. "त्या मशीनची तारीख बरोबर नसते—"

"कसली तारीख?" दिपिका म्हणाली. ती आधी पडद्याकडे बघत होती, मग त्याच्याकडे बघायला लागली. "त्या रविवारी तू सकाळपासून ग्राउंडवर होतास ना?"

त्याने कॅसेटकडे हात नेला.

"ओढ," मी म्हटलं. "कितीही वेळा ओढ. ते जात नाही आता."

त्याचा हात तिथेच थांबला. मी आईला चष्मा आणून दिला. तिने तो लावला, पण पडद्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती. किती दिवसांनी तिने मान वर केली होती. तिचा एकुलता एक मुलगा मी तिच्या हातून काढून घेणार आहे हे मला ठाऊक होतं, आणि माझा आवाज जराही कापला नाही.

"आई, बाबा एकटे नव्हते. तू पिठलं झाकून गेलीस तेव्हा ते बरे होते. संग्राम अकराला आला. बाबा त्याला म्हणाले, मला दवाखान्यात ने. हा डाव थांबवून क्रिकेट खेळायला गेला. तू थांबली नाहीस म्हणून ते गेले नाहीत, आई. हा थांबला नाही म्हणून गेले. आणि हे मला महिनाभरापेक्षा जास्त दिवस माहीत आहे."