खारी राणी आणि माझा अंगठा

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत मी काही चांगला दिसत नाही. कुणाला चांगल्या माणसाची गोष्ट ऐकायची असेल तर त्यानं दुसरं दार बघावं.

मी गणराज भोंडवे. मूळचा रावेतचाच. जमीन गेली, तिच्यावर सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि मी गेली सव्वीस वर्षं चाकणला एका प्रेसशॉपमध्ये क्वालिटीला आहे. पत्र्याचा नग हातात घ्यायचा, चालत असेल तर पुढं सोडायचा, नसेल तर बाजूला काढायचा, एवढंच माझं काम. पण या कामानं माझ्या उजव्या अंगठ्याला एक गुण दिलाय. पत्रा असो नाहीतर कागद, चिमटीत धरून अंगठा फिरवला की वीस मायक्रॉनचा फरक मला कळतो. नवी पोरं आधी हसतात. मग मायक्रोमीटर लावून बघतात आणि गप्प बसतात.

हा अंगठा पत्त्यांच्या नादाला लागला तो माझ्या पोरीमुळं. पत्ते म्हणजे तीन पत्ती नव्हे हो, लगेच तोंड वाकडं करू नका. 'नऊ कक्षा' नावाचा खेळ आहे. त्यात चार टोळ्या अंतराळातल्या नऊ ग्रहांवरून एकमेकांच्या उरावर बसलेल्या असतात. पोलादी म्हणजे यंत्रमाणसं. हरित म्हणजे झाडांसारखी जहाजं वाढवणारे. शून्यपंथी म्हणजे देह सोडून नुसते विचार उरलेले. आणि मीठकरी, म्हणजे ज्यांच्या ग्रहावरचा समुद्र आटला आणि जे आता मिठाच्या जोरावर सगळ्यांना नाचवतात ते. प्रत्येक खेळणारा आपल्या टोळीची चाळीस कार्डं जमवतो आणि समोरच्याशी लढतो. कार्डं बंद पाकिटातून निघतात नाहीतर अदलाबदलीत मिळतात. काही इतकी दुर्मीळ की अख्ख्या पुण्यात दोन-तीन. मी आधी म्हणालो होतो, आमच्या भावकीत याच्यापेक्षा जास्त टोळ्या आहेत, फुकट बघायला मिळतात.

पण उत्कर्षा हसली होती त्यावर. माझी पोरगी, चोवीस वर्षांची. तीन वर्षं स्पर्धा परीक्षेत घालवली. दोनदा थोडक्यात हुकलं, तिसऱ्यांदा पेपरलाच गेली नाही. मग वर्षभर खोलीचं दार लावून बसली. जेवायला हाक मारली की "भूक नाही," एवढंच. या खेळापायी ती दर रविवारी घराबाहेर पडायला लागली, म्हणून मीही तिच्या मागं जायला लागलो. आकुर्डीत पिंटूचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या माडीवर वीस-बावीस जण जमतात. पिंटू हाच तिथला पंच, चहावाला आणि भांडण सोडवणारा.

मध्यंतरी खोट्या कार्डांचा सुळसुळाट झाला. छपाई इतकी बेमालूम की डोळ्यांना कळेना. मी एकदा सहज एक कार्ड चिमटीत धरलं आणि म्हणालो, "हे पातळ आहे रे." खरंच खोटं निघालं. मग काय, दर रविवारी माझ्यापुढं रांग. चार महिन्यांत अकरा खोटी कार्डं पकडली, एकदाही चूक नाही. पिंटूनं नियमच करून टाकला, काका म्हणतील ते शेवटचं. काय सांगू राव, कंपनीत सव्वीस वर्षांत कुणी एवढा मान दिला नव्हता. मला तो चढला.

त्या रविवारी पुणे विभागाचा सामना होता. जिंकणारा एकच बेंगळुरूला, देशाच्या स्पर्धेला जाणार. शेवटच्या लढतीत उत्कर्षा आणि योगिनी.

योगिनी परभणीकडची. चाकणला वायरिंगच्या एका कंपनीत लाइनवर आहे, तीन मुलींबरोबर खोली करून राहते. त्या दिवशी रात्रपाळी संपवून, आंघोळही न करता दोन बस बदलून आली होती. अंगात कंपनीचाच शर्ट, डोळे लाल. ती नेहमी अशीच उशिरा यायची, म्हणून तिची कार्डं तेवढी माझ्या हाताखालून कधी गेली नव्हती, त्या दिवशीही नाही. पिंटू म्हणाला, "असू दे, योगिनीचंच आहे, त्यात काय बघायचं?"

तीन डावांचा सामना. एक उत्कर्षानं घेतला, एक योगिनीनं. तिसऱ्यात उत्कर्षा पुढं होती. तिचे पोलादी पार योगिनीच्या शेवटच्या ग्रहापर्यंत जाऊन भिडले होते. पोरगी खुर्चीच्या टोकावर बसली होती, गालावर रंग आला होता. दीड वर्षांनी मी तिला तशी बघत होतो. मनात म्हटलं, हिला एवढं एक मिळू दे. फक्त एक.

आणि योगिनीनं खारी राणी टाकली.

खारी राणी म्हणजे मीठकऱ्यांचं सगळ्यांत दुर्मीळ कार्ड. ते पडलं की समोरच्याची सगळी जहाजं मिठाची होतात, हलत नाहीत. उत्कर्षानं कार्डाकडं बघितलं, मग आपल्या हातातल्या कार्डांकडं, आणि तिचा चेहरा हळूहळू पुन्हा त्या बंद खोलीतला झाला. तो चेहरा मला बघवेना.

"एक मिनिट," मी म्हणालो. "ते कार्ड जरा दाखव गं."

योगिनीनं वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं आणि कार्ड माझ्या हातात दिलं. मी चिमटीत धरलं. अंगठा फिरवला.

कार्ड खरं होतं. शंभर टक्के खरं. जाडी बरोबर, काठ बरोबर, पाठीचा गुळगुळीतपणा बरोबर. माझ्या अंगठ्याला कणभर शंका नव्हती. आणि मी, गणराज भोंडवे, बावीस माणसांसमोर म्हणालो, "पातळ लागतंय. खोटं आहे."

असं कसं म्हणालो, विचारू नका. म्हणालो. तोंडातून शब्द गेला आणि मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, काका, मायक्रोमीटर लावा. लावला असता तर सुटलो असतो. पण कुणीही म्हणालं नाही. माझ्या शब्दावर कुणी मायक्रोमीटर लावत नव्हतं.

योगिनी भांडली असती तरी चाललं असतं. ती पांढरीफटक पडली. "खोटं आहे? काका, मला खरंच माहीत नव्हतं ओ. चिंचवड स्टेशनवर एका पोराकडून अदलाबदलीत घेतलं होतं. माझी साठ कार्डं दिली त्याला." मग ती सगळ्यांकडं वळली. "आठ महिने मी हेच खेळायलेय. तुम्हाला सगळ्यांना मी याच कार्डानं हरवलंय."

नियमानं खोटं कार्ड सापडलं की सामना गेला. पिंटूनं जड आवाजात तसं सांगितलं आणि उत्कर्षाचं नाव कागदावर लिहिलं. मी म्हणणार होतो, थांब, परत एकदा बघतो. एवढ्यात योगिनीनं माझ्या हातातून कार्ड घेतलं आणि फाडलं. दोन तुकडे, मग चार.

मला कळलं ती काय करतेय ते. चाकणमध्ये कुठल्याही लाइनवर हेच शिकवतात. रिजेक्ट झालेला नग नुसता बाजूला ठेवायचा नाही, तिथल्या तिथं तोडायचा. नाहीतर शिफ्ट बदलताना तो कुणाच्या तरी हातून परत चांगल्या मालात जातो. मी स्वतः शेकडो पोरांना हे दरडावून शिकवलंय.

"घ्या काका," ती म्हणाली. डोळे भरलेले होते, तिला तुकडे धड दिसतही नसावेत. "स्क्रॅप. परत कुणाच्या हातात जायला नको. बरं झालं तुम्ही सांगितलंत, नाहीतर मी बेंगळुरूला जाऊन सगळ्यांची नाचक्की केली असती."

तिनं तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. खऱ्या कार्डाच्या पोटात एक काळा कागद असतो. फाडल्यावर काठावर काळी रेघ दिसते. खोट्याला ती नसते. माझ्या हातात चार तुकडे होते आणि चारींच्या काठांवर काळी रेघ होती. मी मूठ मिटली.

पुढची दहा मिनिटं मला जन्मात विसरता यायची नाहीत. योगिनी एकेका टेबलापाशी गेली. ज्याला ज्याला तिनं राणीनं हरवलं होतं, त्याची माफी मागत. रणजीत म्हणून एक तापट पोरगा आहे, हरल्यावर तो एकदा तिला नाही नाही ते बोलला होता. त्याला म्हणाली, "त्या दिवशी डाव तुझाच होता, रणजीत. मला माफ कर." तो रणजीतसुद्धा खाली बघायला लागला. आणि मी मूठ आवळून भिंतीला टेकून उभा. अरे, बोल की गाढवा! ही जी लाज उघड्यावर पडलीय ती तुझी आहे, तिची नाही! मनातल्या मनात मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत. पण तोंड उघडलं नाही. वाटलं, संपेल हे, घरी जाऊ, उत्कर्षा बेंगळुरूला जाईल, चार दिवसांनी सगळे विसरतील.

शेवटी ती उत्कर्षापाशी आली. आपला सगळा डबा तिच्यापुढं ठेवला. "ताई, यातलं काही कामाला आलं तर ने. मी आता नाही खेळणार. माझ्या कार्डांवर कोण विश्वास ठेवील?"

"असं नको गं बोलूस," उत्कर्षा म्हणाली. "तुझी काय चूक?"

"चूक नसली म्हणून काय झालं? खोटं ते खोटंच ना."

तिथं मात्र माझ्यानं राहवलं नाही. पुढं झालो आणि टेबलावर मूठ उघडली. घामानं तुकडे हाताला चिकटले होते, ते झटकून खाली पाडावे लागले.

"काठ बघा," मी म्हणालो.

पिंटूनं एक तुकडा उजेडाकडं धरला. मग दुसरा. "आयला! काका, यात काळी रेघ आहे."

योगिनीनं त्याच्या हातातून तुकडा ओढून घेतला. आणि मला वाटलं होतं ती रडेल, माझ्या अंगावर धावून येईल. ती हसली! सगळं तोंड उजळलं तिचं. "खरं होतं? म्हणजे खरंच होतं? म्हणजे मी कुणाला फसवलं नाही?" तो तुकडा घेऊन ती परत टेबलाटेबलापाशी पळाली. "रणजीत, बघ ना, खरं होतं! तो डाव माझाच होता रे!" एवढं दुर्मीळ कार्ड फाटलं, बेंगळुरू हातचं गेलं, त्याचं तिला त्या क्षणी काही नव्हतं. आपण खोट्या नव्हतो एवढंच तिला पुरत होतं. तिला हसताना बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सगळे मला सावरायला लागले. हेच तर सगळ्यांत वाईट. पिंटू म्हणाला, "काका, होतं हो, माणूस आहे." कुणी म्हणालं, हवा दमट आहे. कुणी म्हणालं, ओव्हरटाइम करून आलात, अंगठा थकला असेल. योगिनीनं तर माझा हातच धरला. "काका, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. बाराव्यांदा चुकलात, अकरा वेळा बरोबर होतात ना? आणि लपवलं नाहीत तुम्ही, सांगितलंत. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं."

मला फक्त मान हलवायची होती. चुकलं बाई, म्हणायचं होतं. सगळं मिटलं असतं. अंगठ्याचा मान थोडा कमी झाला असता, माझा राहिला असता. पण तिनं माझा हात धरला होता, त्याच हाताचा अंगठा तिच्या बोटांत होता, आणि मला तो सोडवून घेता येईना.

"अंगठा चुकला नव्हता," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मला तेव्हाच कळलं होतं. कार्ड खरं आहे हे मला हातात घेतल्या घेतल्या कळलं होतं."

योगिनीनं माझा हात सोडला. एकदम नाही, हळूच, बोट बोट करून सोडला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, ते कुठं ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

"मग का, काका?" तिनं विचारलं. राग नव्हता त्यात. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

मला उत्तर माहीत होतं. ते देता येईना म्हणून मी माझ्या पोरीकडं बघितलं.

उत्कर्षानं पिंटूसमोरचा कागद ओढला, त्यावरचं आपलं नाव पेनानं खोडलं, आणि मान वर न करता म्हणाली, "माझ्याकडं बघू नका, पप्पा. तिला सांगा."