रंगाऱ्याची मान

रंगारी तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत शिडीवरून पडला होता. ॲम्ब्युलन्सची सिस्टर त्याच्या डोक्याशी पालथी पडून, कोपरं फरशीला टेकवून, दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं धरून होती. मान आखूड, त्यात सूज. मानेचा पट्टा काही बसेना. म्हणून हातच. सकाळपासूनचा हा सहावा पेशंट. तिची स्वतःची कंबर केव्हाच बोलायला लागली होती.

"उठवून बसवा ना त्यांना," रंगाऱ्याची बायको म्हणाली. ती नवऱ्याच्या हाताखाली रंग कालवायची. कोपरापर्यंत पांढरी झाली होती.

"बसवायचं नाही, उशी नाही. मणक्याला लागलंय. जरा हलले तर होत्याचं नव्हतं होईल."

लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नव्हतं आणि जिना चिंचोळा. ड्रायव्हर चार माणसं गोळा करायला गेला तो गेलाच.

"सिस्टर, पाय आहेत ना माझे?"

"आहेत."

"मग कळत का नाहीत?"

खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं, खरं सांगणंही. "ते डॉक्टर बघतील. हाताची बोटं हलवा बरं."

बोटं हलली. मग बायको दिसावी म्हणून तो मान वळवू लागला. सिस्टरनं पकड घट्ट केली. "वळायचं नाही. ताई, तुम्हीच या त्यांच्या डोळ्यांसमोर."

बायको वाकली आणि मनात दाबलेलं बोलून गेली. "मी शिडी सोडली. फोन वाजला म्हणून."

"ठाऊक आहे. कुणाचा होता?"

"कुणीतरी विमा विकत होतं."

"घेतलास?"

तिला हसू फुटलं आणि त्यातूनच रडू कोसळलं.

"बाजूला होऊन रड," तो म्हणाला, "सगळं माझ्या नाकात जातंय."

पाऊण तासानं माणसं आली. त्याला फळीवर सरकवून, पट्ट्यांनी बांधून खाली आणलं. प्रत्येक गतिरोधकावरून ड्रायव्हर पायी चालल्यासारखी हळू गाडी नेत होता. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून हैराण. सिस्टरनं डोकं सोडलं ते थेट डॉक्टरांच्या हातात. तिची बोटं मात्र बराच वेळ सरळ होईनात.

संध्याकाळी ती दुसरा पेशंट घेऊन हॉस्पिटलात आली, तेव्हा रंगाऱ्याची बायको बाकावर होती. "हात चालतील म्हणाले डॉक्टर. पायांची फार आशा धरू नका म्हणाले." मग हळूच, "तुम्हाला काय वाटतं?"

"तेच," सिस्टर म्हणाली आणि तिच्याशेजारी बसली. दारातून ड्रायव्हरनं दोनदा हाक मारली, तरी ती लगेच उठली नाही.