सुकलूचे छर्रे

सुकलूला मारायचं हे माझं पक्कं ठरलं होतं. कशानं मारायचं, एवढंच राहिलं होतं.

माझा भाऊ पत्रू पडवीत बसून इसरूची भरमार पुसत होता. भरमार म्हणजे नळीच्या तोंडातून बार भरायची जुनी बंदूक, आणि इसरू म्हणजे माझा नवरा. त्याला जाऊन वर्ष झालं. आमच्यात बाई बंदुकीला हात लावत नाही, म्हणून भरून पत्रू देणार होता. झाडणार मात्र मीच होते. रीत मोडायची तर ती तेवढ्यापुरतीच.

पत्रूनं सुपात दोन ढीग मांडले होते. एक शिशाच्या गोळ्यांचा, मासे धरायच्या जाळ्याची वजनं वितळवून केलेल्या. दुसरा सळईच्या तुकड्यांचा.

"शिसंच घे, बुधरी," तो म्हणाला.

"नाई. छर्रे भरायचे. इसरू छर्र्यानं मेला, हा बी छर्र्यानंच मरन."

"मेल्यावर का फरक पडते त्याले?"

"मले पडते."

फरक पडतोच. आमच्या पारधीत चार-पाच बंदुका एका दमात वाजतात. डुक्कर पडलं की मानाची मुंडी कुणाच्या घरी जाणार हे त्याच्या अंगातून काय निघतं त्यावरून ठरतं. म्हणून ज्याचं त्याचं भरणं बापापासून ठरलेलं. शेजारी झाडू म्हणून आहे, त्याच्याकडे एका अंगानं चपटी गोळी, आमच्याकडे सळईचे तुकडे, पत्रूकडे शिसं. सुकलूचं सायकल दुरुस्तीचं दुकान, तेव्हा त्याच्याकडे सायकलच्या चाकातले लोखंडी छर्रे. दुसऱ्याचं भरणं कुणी भरत नाही. भरलं तर मुंडी दुसऱ्याच्या घरी जाईल, एवढा खुळा कोण असतो?

गेल्या चैत्रात पारधीच्या दिवशी झुडूप हाललं आणि चार बंदुका वाजल्या. झुडपात डुक्कर नव्हतंच, इसरू होता. त्याला खाटेवर घालून एटापल्लीच्या दवाखान्यात नेत होते, तर नाल्यातच त्यानं मान टाकली. पोलिसांत गेलं असतं तर बंदुका आणि पारध दोन्ही सांगावी लागली असती, म्हणून सगळे गुपचूप माघारी आले. मी त्याचा सदरा काढला तेव्हा एक छर्रा घरंगळून खाली पडला, रक्तानं माखलेला, गोल, लोखंडी. जमलेल्या सगळ्यांनी तो पाहिला. मी तो उचलून मूठ मिटली. सगळ्यांच्या माना सुकलूकडे वळल्या. सुकलू मटकन खाली बसला आणि म्हणाला, "माया हातून झालं."

पंच बसले. चूक झाली, मुद्दाम केलं नाही, असं ठरलं. सुकलूनं गावाला जेवण घातलं आणि पहिला घास माझ्या हातावर ठेवला. मेलेल्याच्या बाईनं तो खाल्ला की गोष्ट मिटते. मी घास गालात धरून ठेवला आणि घरामागं जाऊन थुंकून टाकला. पंचांसाठी मिटली असेल, माझ्यासाठी मिटली नव्हती. वर्षभरात मी त्याला सुखानं एक घास गिळू दिला नाही. त्याच्या पोरीचं, दिव्याचं, आलापल्लीला लग्न जमलं होतं. मी स्वतः बसनं गेले आणि मुलाच्या आईला सांगून आले की पोरीचा बाप खुनी आहे. लग्न मोडलं. त्या रात्री मला छान झोप लागली, खोटं कशाला बोलू?

या सगळ्यात पत्रू माझ्या पाठीशी होता. मी थंड पडले की तोच म्हणायचा, "तो मजेत पंक्चर काढून राह्यला आणि इसरू मातीत आहे." मग माझं डोकं पुन्हा तापायचं.

"छर्रे आणशील कुठून?" आता तो विचारत होता.

"त्याच्याच दुकानातून. नमुना आहे माझ्याकडं." मी कमरेची पिशवी दाखवली.

"तो तू अजून टाकला नाईस?" पत्रूचा हात नळीवर थांबला. "नको जाऊ तिथी. त्याले संशय येईन."

"येऊ दे," म्हणत मी निघाले.

सुकलूचं दुकान गावाच्या तोंडाशी, चहाच्या टपरीला लागून. तो एका चाकाशी झटत होता. आत दिव्या शिलाई मशीनवर बसली होती. मला पाहून सुकलू उभा राहिला. वर्षभर मी आले की तो असाच उभा राहायचा.

"छर्रे पाहिजेत," मी म्हणाले.

"तुया घरी सायकल नाई, बाई."

"नाई."

त्याला कळलं. त्याच्या तोंडावरून मला कळलं की त्याला कळलं. मला वाटलं होतं हात जोडेल, आरडाओरडा करेल. त्यानं मुकाट्यानं डबा काढला आणि माझ्यासमोर टीनाच्या ताटलीत ओतला.

"कोणते देऊ? पुढच्या चाकाचे बारीक असते. मागच्याचे घे. बारक्यानं माणूस तडफडते."

असा राग आला मला. मरताना सुद्धा हा दुकानदारी करणार. मी पिशवीतला छर्रा काढून ताटलीत टाकला. "अस्से दे. असेच पाहिजेत."

तो छर्रा ताटलीत पडला आणि बाकीच्यांत मिसळला नाही. सगळ्यांत मोठा तोच होता, चांगला दुप्पट. सुकलूनं तो उचलला. बोटात फिरवला. मागच्या चाकाची, छर्रे बसतात ती वाटी घेऊन तिच्यात बसवून पाहिला. बसेना. त्यानं दुसरी वाटी घेतली, मग तिसरी. मग त्यानं तो माझ्यापुढं धरला.

"हा कुठला होय?"

"इसरूच्या अंगातला. तुयाच तो."

"हा सायकलचा नाई, बुधरीबाई. सायकलीत एवढा छर्रा येतच नाई. हा मोठ्या मशीनचा होय. मळणीच्या."

आमच्या गावात मळणीयंत्र एकच आहे. ते पत्रूचं. इसरू गेला त्याच्या आठच दिवस आधी बेअरिंग फुटलं म्हणून ते बंद होतं, आणि नवं बेअरिंग आणायला चंद्रपूरला इसरूच गेला होता. फुटलेलं जुनं पत्रूनं घरीच ठेवलं होतं. जाळं वाहून गेल्यानं त्या वर्षी त्याच्याकडे शिसं नव्हतं, हेही मला माहीत होतं. सगळं मला माहीत होतं. एकत्र कधी केलं नव्हतं.

सुकलू खोक्यावर बसला. "मंग म्या नाई मारलो त्याले?" तो मलाच विचारत होता. "वर्षभर मले वाटत होतं, मीच. म्या बंदूक नदीत टाकली. रोज त्याचा चेहरा दिसे मले." तो तोंड झाकून रडायला लागला. मी ताटलीतला मोठा छर्रा उचलून घरी आले.

पत्रू पडवीतच होता. मी छर्रा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "सुकलूकडं असा मिळत नाई. मळणीच्या मशीनचा आहे म्हणते तो."

त्यानं नाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कदाचित मला बरं वाटलं असतं.

"म्या डुकरावरच झाडलो होतो, बुधरी. देवाशप्पथ."

"माहीत आहे मले. त्याचा राग नाई. माया पडवीत बसून, माया हातचा भात खाऊन, वर्षभर मले दुसऱ्यावर सोडत राह्यला तू, त्याचा आहे."

"मी तुया सख्खा भाऊ आहो."

"इसरू कोण होता मंग, परका?"

बंदूक त्याच्या मांडीवर होती. मी ती हिसकून घेतली, पहिल्यांदा आयुष्यात, आणि अंगणात फेकून दिली. तिच्यात बार असता तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मग मी पत्रूचं मनगट धरलं आणि भर दुपारी त्याला गावातून ओढत सुकलूच्या दुकानापुढं नेलं. तो माझ्याहून थोराड, झटका दिला असता तर सुटला असता. सुटला नाही.

टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. "सांग," मी म्हणाले, "सगळ्याईले ऐकू जाईन असं." पत्रूनं सांगितलं. खाली मान घालून, पण सगळं सांगितलं. सुकलू खोक्यावरून उठला नाही. माझा संताप अजून उतरला नव्हता. पत्रूला पुरतं उघडं पाडायचं होतं, आणि ते होत होतं. माझ्या छातीत एकदम हलकं वाटलं.

त्या भरात मी पत्रूला तसाच ओढत दुकानाच्या दारात गेले. "दिव्या, मी आताच्या आता आलापल्लीले जातो. त्या लोकाईले सांगतो, तुया बापानं काई केलं नाई."

दिव्यानं मशीन थांबवलं. ती चिडली नाही, रडली नाही. वयानं मोठ्या बाईशी बोलावं तसंच, आदरानं बोलली.

"नको जाऊ, काकी. त्या पोराचं माघातच लगन झालं."

एवढं बोलून तिनं सुईत दोरा ओवला आणि पुन्हा मशीन सुरू केलं. मी पत्रूचं मनगट अजून धरूनच होते, आणि ते सोडून जायचं कुठं, हे मला सुचेना.