काजळी धुतलेलं घर

घर चोरीला गेलं असं सांगितलं की खाली अर्बा मिंचच्या बाजारात लोक हसतात. भांडी जातात, गुरं जातात, पण घर? आमच्या डोर्झेच्या डोंगरावर घरही जातं. आमचं घर म्हणजे बांबूच्या कामट्यांनी विणलेली, उपडी ठेवलेली भलीमोठी टोपली. ते हलवायचं झालं की गावातले गडी आत शिरतात, बुडाची कड उचलतात आणि घरासकट चालू लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त घर आणि त्याखाली पाय दिसतात.

माझा नवरा सोर्सा वारला, तेव्हा सुतकाचे दिवस काढायला मी माहेरी गेले होते. परत आले तर घर नव्हतं. काळ्या जमिनीचा एक गोल होता, मधोमध चुलीचे तीन दगड. माझी मडकी बागेतल्या केळीसारख्या एन्सेटच्या झाडांखाली ओळीने मांडून ठेवली होती. मोठे उपकारच केले होते म्हणायचे.

घर नेलं होतं माझ्या दिराने, दोयसाने. हा लहानपणी राजधानीला, आदिसला गेला, तिथे माग चालवून कापड विणलं, हात जरा सैल झाल्यावर बायको मुलुवर्कला घेऊन परतला. त्याला रस्त्याकडेला फिरंग्यांसाठी कॉफीची जागा काढायची होती. नवं घर विणायला वेळ लागतो, आयतं घर भावाचं होतं. गावाला त्याने सांगितलं की वहिनीचा होकार आहे, बैल कापला, आणि माझ्याच गावाने माझं घर खांद्यावर घेतलं.

पंच हिरवळीवर बसले. दोयसा नाक वर करून म्हणाला, "घर आमच्या कुळाचं. वहिनीला मुलगा नाही. बाग ठेवा म्हणावं, घर माझं."

"विणलं कोणी?" मी विचारलं.

"माझ्या भावाने."

"आणि पिकवलं कोणी?"

यावर तो हसला. घर पिकवतात हे त्याला माहीतच नव्हतं. सोर्साने पाऊस सरल्यावर, चंद्र उतरत असताना बांबू तोडले होते. कामट्या ओढ्यात दगडांखाली इतके दिवस भिजत ठेवल्या की सगळा ओढा घाण मारत होता. घर उभं राहिल्यावर माझी पाळी आली. चूल विझू द्यायची नाही, आणि धूर आतून भिंतीत मुरवायचा. पहिलं वर्षभर माझे डोळे गळत होते. सोर्सा चिडवायचा, "आत्ताच रडून घे, मी मेल्यावर पाणी शिल्लक राहायचं नाही." भिंती आतून काळ्या कुळकुळीत झाल्या. बांबू पोखरणारा भुंगेरा त्या काजळीला तोंड लावत नाही. ती काजळी माझी होती.

पंचांनी बाग मला दिली आणि घर त्याला. वर म्हातारा वान्ना, ज्याने घर उचलताना पुढे राहून हाळी दिली होती, तो म्हणाला, "एकदा टेकवलेलं घर, पाऊस सरल्यावर येणारा मास्कालाचा सण होईपर्यंत पुन्हा उचलत नाहीत. रीत आहे, पोरी."

"रीत उचलताना कुठे गेली होती, आबा?" मी म्हणाले. मी चुलीच्या दगडांभोवती चार काठ्या आणि एन्सेटची पानं टाकून झोपडं केलं आणि त्यात राहिले. दोयसाचं वाटोळं व्हावं, एवढं एकच मागणं मी रोज मागत होते.

देवाने त्याला माझ्याच दारात पाठवलं. पाऊस अजून लांब होता. हातात कॉफीची पुडी घेऊन तो आला.

"वहिनी, एक सल्ला हवा होता. वरून काजळी पडते. काल एका फिरंगी बाईच्या पांढऱ्या कपड्यांवर पडली. मुलुवर्कला तर खोकला आवरत नाही. काय करू?"

मी पुडी घेतली, त्याला बसायला ओंडका दिला. जिभेवर अगदी साखर ठेवली.

"त्यात काय एवढं, भाऊजी? धुऊन काढा. गरम पाणी, राख आणि काथ्या. खाली कसा सोन्यासारखा बांबू आहे बघा. फिरंगी खूश होतील."

"आणि चूल?"

"चूल बाहेर न्या. आदिसच्या घरात कुणी धूर करतं का?"

"खरंच वहिनी, मन मोठं आहे तुमचं."

"घर घरातच राहिलं ना, भाऊजी," मी म्हणाले.

तो गेल्यावर मी त्याचीच कॉफी भाजून प्याले. इतकी चवदार कॉफी मी आयुष्यात प्याले नव्हते.

त्याने मोलाने बायका लावून घर घासून घेतलं. काळं पाणी रस्त्यावरून वाहत गेलं. वान्ना धापा टाकत माझ्याकडे आला. "बालोते, तू सांगितलंस त्याला?"

"विचारलं त्याने. मी सांगितलं."

"अगं, पाऊस लागला की भुंगेरा घर खाईल! सोर्साच्या हाताचं काम आहे ते."

"मला सांगता सोर्साचा हात? तुम्ही बैल खाताना जसे गप्प होता, तसेच आताही गप्प राहा, आबा. एवढं तरी देणं लागता माझं."

तो गप्प राहिला. सगळा गाव गप्प राहिला. चार जाणत्या माणसांनी दोयसाला टोकलं असतं तर घर वाचलं असतं, पण उचलणाऱ्यांपैकी एकाचीही माझ्यासमोर मान वर करायची छाती नव्हती.

मग पाऊस आला आणि डोंगरावर धुकं बसलं. बाजाराला जाताना मी मुद्दाम त्या वाटेने जायचे. कुणी नसलं की भिंतीला कान लावायचे. आधी काहीच नव्हतं. मग एक दिवस आतून बारीक करकर ऐकू आली, गुरं रवंथ करतात तशी. मला हसू फुटलं. हसता हसता मी भिंतीवर हात टेकला. हाताखाली सोर्साची वीण होती, एक कामटी वर, दोन खाली, जशी तो एकटाच घालायचा. मी हात काढून घेतला आणि मीठ आणायला गेले.

हळूहळू फिरंग्यांच्या कपात पांढरा भुसा पडू लागला. मुलुवर्क सकाळी झाडायची, दुपारी परत तेच. पाऊस संपत आला तेव्हा दोयसा पुन्हा आला. या वेळी पुडी नव्हती.

"वहिनी, घर घेऊन जा तुमचं. आजच उचलायला लावतो. रीत गेली खड्ड्यात. फक्त चूल पेटवा त्यात."

मागे वान्ना उभा होता. "घे, पोरी. आज नेलं आणि ओल्या लाकडाचा धूर दिला तर निम्मं तरी वाचेल. आज घे."

मला हेच हवं होतं. घर परत, माझ्या चुलीवर, माझ्या जागी. नुसतं हो म्हणायचं होतं. पण दोयसा असा उभा होता, जसा एखादा फाटकं घोंगडं परत करायला येतो. चोरी केली हे त्याच्या तोंडावर कुठेही नव्हतं.

"मास्कालाला," मी म्हणाले. "सगळ्या गावासमोर. हातात गवत धरून, गुडघ्यावर. काय केलंस ते मोठ्याने सांगायचं. मग उचलायचं."

"वहिनी, तोवर..."

"तोवर तुझी बायको झाडत बसेल."



मास्कालाच्या दिवशी त्या घरासमोरच्या हिरवळीवर सगळा गाव जमला. कोकरं कापली होती, अराकेची दारू फिरत होती. दोयसा हातात ताजं गवत घेऊन माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. असं गवत धरून कुणी बसलं की आमच्यात त्याला ओलांडून जाता येत नाही, माफ करावंच लागतं. म्हणून मी सावकाश करवून घेतलं.

"काय नेलंस?"

"घर."

"कुणाचं?"

"वहिनीचं."

"होकार होता माझा?"

"नव्हता. मी खोटं बोललो."

"मोठ्याने. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

तो ओरडून बोलला. त्याच्या आदिसच्या बुटांना चिखल लागला होता. मुलुवर्क पदरात तोंड लपवून उभी होती. मी एकेक शब्द मोजून घेतला आणि माफीची खूण म्हणून गवताला हात लावला.

मग गडी आत शिरले. वान्नाने हाळी दिली. सगळ्यांनी एकदम जोर केला, आणि घर उठलं नाही. कड तेवढी त्यांच्या हातात आली. वरचा डोलारा क्षणभर तसाच उभा राहिला, मग आवाजही न करता खाली बसला. भुशाचा ढग उठला. गडी खोकत बाहेर आले, केसापासून पायापर्यंत पांढरे, गिरणीतून आल्यासारखे. पोरं खिदळली. मग कुणीच हसलं नाही.

वान्ना माझ्याजवळ आला. त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"झालं का मन भरून, पोरी?"

"झालं," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. दोयसा अजून गुडघ्यांवरच होता, आणि ते बघताना मला गार गार वाटत होतं. तो पुन्हा सल्ला विचारायला आला तर पुन्हा 'धुवा' म्हणूनच सांगेन.

लोक उठून आपापल्या घरी जाऊ लागले. सणाचा दिवस होता, प्रत्येकाच्या घरातून धूर निघत होता. मीही उठले, लुगडं झटकलं, दोन पावलं टाकली आणि थांबले. पाय सवयीने त्या ढिगाऱ्याकडे निघाले होते.