पॅनेलवरची चादर

सोलर पॅनेल आमच्या गच्चीवर, पण लक्ष चिरंजीवांचं. त्यानंच ती बसवून दिली, आणि किती वीज तयार होते ते दूरच्या शहरात बसून मोबाइलवर बघतो. आकडा घसरला की फोन हजर. "आई, आज वीज कमी का? पॅनेल पुसली नाहीत का?" एरवी महिना महिना पत्ता नाही. आपण फोन लावावा, तर "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." ते नंतर काही उजाडत नाही.

पण माझी बायको भारी वस्ताद. एके सकाळी बघतो तर बाईसाहेब गच्चीवर, आणि पॅनेलवर जुनी चादर!

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"गप्प बसा हो. जेवायच्या वेळेपर्यंत फोन येतो की नाही बघा."

आला की! पॅनेलची चौकशी संपल्यावर तिनं हळूच त्याची सर्दी, झोप, खाणंपिणं सगळं विचारून घेतलं. दिवसभर गुणगुणत होती. मग हे नेहमीचंच झालं. मी चिडायचो, ती हसायची.

गेल्या हिवाळ्यात तिनं अंथरूण धरलं. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. पोराला कळवायचं नाही, ही तिची शपथ. "काम टाकून धावत येईल बिचारा." धावत येईल म्हणे!

काल म्हणाली, "अहो, तेवढी चादर टाका ना आज. त्याचा आवाज ऐकावासा वाटतोय."

मुकाट्यानं जिना चढलो. गुडघे बोंबलत होते, बोंबलू दे. दुपारी फोन वाजला आणि तिचे डोळे लकाकले.

"नमस्कार काका, सोलर कंपनीतून बोलतेय. तुमच्या मुलानं देखरेख आता आमच्याकडे दिलीय, त्यांना रोज बघायला जमत नाही. आज वीज कमी दिसतेय. माणूस पाठवू का?"

"नको," म्हणालो. तिकडे फोन बंद झाला. मी मात्र तो कानाला तसाच धरला.

"हो रे, मजेत आहोत," मी म्हणालो आणि बायकोकडे वळलो. "विचारतोय, आई जेवली का?"



"खोटं बोलणं तुम्हाला कधी जमलंय का? तो आधी पॅनेलचं विचारतो."

तिनं भिंतीकडे तोंड केलं.

"जा, चादर काढून आणा. आता काय उपयोग तिचा."