टकल्यापासून वस्तऱ्यापर्यंत

बारक्याच्या दुकानातल्या मोठ्या आरशावर एक पांढरी रेघ होती. वर जायची, खाली यायची, परत वर. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी तिला तडाच समजायचं.

"तडा नाही हो," बारक्या साबणाचा फेस करता करता सांगायचा. "डोंगर आहे. पाठ टेकून बसा, मग दिसेल."

पाठ टेकली की खरंच दिसायचं. मागच्या काचेच्या दारातून, रस्त्याच्या पार टोकाशी असलेली डोंगररांग आरशात यायची आणि रेघ तिच्यावर तंतोतंत बसायची. बारक्याने एक दिवस दुकान रिकामं असताना स्वतः खुर्चीत बसून, एक डोळा मिटून ती ओढली होती. पाच शिखरं. नावंही त्यानेच ठेवलेली, केस कापणाऱ्याला सुचतील तशी. डावीकडून टकल्या, मग दोन जुळे, मग नाक आणि सगळ्यात शेवटी वस्तरा. टकल्या गोल, गुळगुळीत, कुणीही चढेल असा. वस्तरा म्हणजे नुसता उभा.

बेत सरळ होता. रविवारी पहाटे डाव्या टोकाच्या पाण्याच्या टाकीपासून निघायचं, पाचही शिखरं एका दमात करायची आणि उजवीकडे उतरायचं. पायवाट नव्हतीच. मोबाइलच्या नकाशात तिथे नुसता हिरवा डाग. डोंगराचा कणा धरायचा, काट्याकुट्यातून वाट काढायची आणि चालत सुटायचं. लहानपणीच दोघा भावांनी हे ठरवलं होतं. मग दादा बसवर ड्रायव्हर झाला, बारक्याने कात्री धरली आणि डोंगर जिथल्या तिथे राहिले.

बारक्या हे नावही तेव्हाचंच. आता पोट आधी दुकानात शिरतं, मग बारक्या. पण नाव काही सुटलं नाही.

आता घाई होती ती दादामुळे. दादाच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबायचा पाय कामातून गेला म्हणून त्याला डेपोत टेबलावर बसवायचं ठरलं. दादा त्या टेबलाकडे फिरकलाच नाही. घरातच बसला. डॉक्टर म्हणाले, गुडघा झकास झालाय, आता फक्त चालवा. दादा तो पलंगापासून खिडकीपर्यंत चालवायचा आणि परत पार्क करायचा.

बारक्या दाढी करायला घरी जायचा. गालाला फेस लावला की दादाला पळता येत नाही, म्हणून तेवढ्यात बोलून घ्यायचा.

"येतोस ना रविवारी? टकल्यावरून सुरुवात. एकदम हलका चढ."

"आणि उतरायचं कुठून?"

"वस्तऱ्यावरून."

"अरे शहाण्या, चढताना नाही रे दुखत. उतरताना जीव जातो." दादाने डोळे मिटून घेतले. "प्लॅन चांगला आहे तुझा. तूच जाऊन ये."

वहिनी बारक्याला सोडायला दारापर्यंत आली. "भावजी, या माणसाला आता मुळं फुटणार बघा. रोज पाणी घालायचं तेवढं बाकी आहे."

"वहिनी, एक करू? उद्यापासून मी येतच नाही."

"अहो, मग दाढी?"

"वाढू दे की."

वहिनीने क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि पदराआड हसली. "वाढू दे," ती म्हणाली.

दादाचा फोन आला. दुकानात गर्दी आहे, बारक्या म्हणाला. दादा वहिनीवर चिडला, वहिनी म्हणाली मला काय सांगता, मला नाही येत दाढी करता. मग दादाला खाज सुटली. खाजेपुढे कुणाचं चालत नाही. एका दुपारी काठी टेकत, सबंध गल्लीला शिव्या घालत तो दुकानात येऊन उभा राहिला.

बाकड्यावर बेकरीवाला बसला होता. रविवारी पहाटे पाव पोचवायला निघताना आपल्या टेम्पोतून तो बारक्याला टाकीपाशी सोडणार होता. "या या ड्रायव्हरसाहेब," तो म्हणाला. "मला वाटलं, साधू झालात."

"तुझे पाव खाऊन साधूच होतो माणूस. चावायचंच सोडून देतो."

बारक्या मनात म्हणाला, जीभ तर चालू आहे, निम्मं काम झालं. दादाला खुर्चीत बसवून त्याने फेस लावला, एक गाल साफ केला. दादाने पाठ टेकली आणि रेघ डोंगरावर जाऊन बसली.

 दादाची नजर हलायला लागली. आरसा, मग खांद्यावरून मागे, परत आरसा. बस मागे घेताना घ्यायचा तशी.

"मान हलवू नकोस, कापेल."

"बारक्या, टाकी कुठल्या टोकाला?"

"डाव्या. शेंबडं पोरही सांगेल."

"आणि टकल्या?"

"डाव्या. हा काय, रेघेवर बघ की."

"जरा दारात जाऊन बघ."

बारक्या हातातल्या वस्तऱ्यासकट दारात गेला. आणि तिथेच थांबला. टाकी डावीकडेच होती, रोजची. पण तिच्या डोक्यावर टकल्या नव्हता. तिच्या डोक्यावर वस्तरा होता, नुसता उभा. टकल्या पार उजव्या टोकाला जाऊन बसला होता. अख्खी रांग भांग उलटा पाडलेल्या गिऱ्हाइकासारखी दिसत होती. ओळखीची, पण काहीतरी बिघडलंय.

बेकरीवाल्याला कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे अंधारात मी तुला या भिंतीच्या पायथ्याशी सोडून पाव वाटत फिरलो असतो?"

झालं. आधी बेकरीवाला हसला, मग दादा. दादा असा हसला की फेसाचा गोळा त्याच्या मांडीवर पडला. बारक्याने किती महिन्यांनी ते हसणं ऐकलं, त्यालाच आठवेना.

"इतकी वर्षं दुकान चालवतोस गाढवा, एकदा तरी मागे वळून बघायचंस!"

"कधी बघू? सकाळी धुकं, रात्री अंधार आणि दिवसभर तुमची तोंडं!"

"आयुष्यभर आरशात बघून गाडी मागे घेतली मी. आरशातलं डावीकडचं मान वळवली की कुठे जातं, ते मला विचार." दादा डोळे पुसता पुसता एकदम थांबला. खुर्ची त्याने स्वतःच गर्रकन दाराकडे फिरवली. "पण थांब. टाकीपासूनच निघायचं."

"वस्तऱ्यावर? वेडा झालास का?"

"चढताना दुखत नाही म्हटलं ना? कठीण ते आधी उरकू. मग नाक, जुळे आणि उतरायला टकल्या. गोल, गवताचा. माझ्या गुडघ्याला अजून काय पाहिजे?" तो आता बोटाने हवेतच रस्ता काढत होता. "टाकीच्या वळणावरून रोज बस नेली मी. वस्तऱ्याच्या उजव्या अंगाला एक घळ आहे. धरायला दगड आहेत. वरपर्यंत जाते की मध्येच संपते, ते मात्र जवळून बघावं लागेल."

बारक्याने जपून विचारलं, "म्हणजे येणार?"

"या रविवारी नाही. आधी हा गुडघा तापू दे. पण तुला एकट्याला सोडलं तर तू घरी पाठमोरा पोचशील."

बोलता बोलता तो उठला. काठी भिंतीला टेकलेली होती. ती घ्यावी की नाही असा त्याने जरा विचार केला, मग घेतली आणि दाराबाहेर पडला.

"अरे, दुसरा गाल राहिलाय!"

"राहू दे. घळ बघून येतो."

तेवढ्यात वहिनीचा फोन. "भावजी, झाली का दाढी? पाठवताय ना घरी?"

"वहिनी, पाठवू कुठून? अर्ध्या दाढीत टाकीकडे निघालाय तो."

 वहिनी म्हणाली, "पाण्याची बाटली द्या बरोबर," आणि फोन ठेवला.

बारक्याने बाटली घेतली, दुकान बेकरीवाल्यावर सोपवलं आणि टॉवेल खांद्यावर टाकून धावत सुटला. पुढे दादा काठी टेकत चालला होता, फेसाचा गाल उन्हात चमकत होता.

"दादा, हळू! थांब की!"

दादाने मागे बघितलं नाही. फक्त उजवा हात बाहेर काढून हलवला, पुढे ये म्हणून, बसच्या खिडकीतून मागच्या गाडीला द्यायचा तसा.