मामांची बोटं

मामा मातीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं आहेत आणि मी अकरा महिने. ते माझ्या आईचे सख्खे भाऊ. घरी मी त्यांना ‘तू’ म्हणते, लॅबमध्ये ‘तुम्ही’. मी आल्यापासून सगळेच त्यांना मामा म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठी स्टोअरवाली मावशीसुद्धा. “एक भाची काय आणलीत, सगळ्या लॅबला मामा बनवलंत,” असं ती येताजाता ऐकवते.

दिवसाला वीस नमुने होतात. माती ट्रेमध्ये वाळते, खलात फुटते, चाळणीतून जाते. मग मामा चमचाभर माती तळहातावर घेऊन थेंब थेंब पाण्याने मळतात आणि अंगठा नि तर्जनीत दाबून तिची पट्टी काढतात. वाळू जास्त असेल तर पट्टी निघतच नाही. गाळ असेल तर माती पिठासारखी लागते आणि पट्टी लगेच तुटते. चिकण असेल तर दोन इंच लोंबते. त्यावरून मामा कार्डावर तिन्हींचे टक्के लिहितात. दर दहावा नमुना पडताळणीसाठी माझ्या टेबलावर येतो. मी तो लिटरभराच्या उंच काचेच्या नळीत पाण्यात ढवळते. वाळू चाळीस सेकंदांत तळाशी बसते, गाळाला दोन तास लागतात, चिकण दिवसभर पाणी गढूळ ठेवते. ठरलेल्या वेळी पाण्याचा दाटपणा दाखवणारा हायड्रोमीटर सोडून आकडा वाचायचा, बस.

सगळं निघतं खडकातूनच. ऊन, पाणी, शेवाळ, मुळं त्याच्या मागे लागतात. वाळू आणि गाळ हे त्याचे तुकडे. चिकण मात्र नुसतं झिजून होत नाही, खडकातली खनिजं पाण्यात सडून ती नव्याने बनते. बोटाच्या एका पेराएवढी माती व्हायला पाचसहाशे वर्षं सहज जातात. “आणि एवढं करून चांगल्या मातीत अर्धी जागा हवा नि पाणीच,” मामांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. “म्हणजे अर्धा पगार आपण पोकळीचा घेतो.”

नळ्यांचं टेबल माझ्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते. माझ्या आधीचा माणूस मामांचं कार्ड बघून त्याच्या आसपासचा आकडा टाकायचा. मामांचं चुकत नाही हे सगळ्यांना माहीत असताना दोन तास कोण बसणार? मी बसले. छत्तीस नमुन्यांपैकी अकरा जुळले नाहीत. गाळाला मामांनी चिकण म्हटलं होतं, कधी चिकणीला गाळ.

पहिल्या वेळी मी माझंच मोजमाप तीनदा तपासलं. नंतर पेन्सिलीने मामांचे आकडे खोडून नळीचे लिहू लागले, गुपचूप. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. ते टेबल सुटलं तर त्यांना रेकॉर्ड रूममध्ये फायलींना नंबर घालत बसावं लागलं असतं. तेवढे महिने निघतील असं मी धरून चालले होते. दर दहातल्या उरलेल्या नऊ नमुन्यांचं काय, हा विचार मी संध्याकाळी बसथांब्यावर करायचे आणि बस आली की सोडून द्यायचे.

त्या दुपारी सगळे जेवायला गेले होते. चष्मा टेबलावर राहिला म्हणून मी परत आले. मामा खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी ओल्या मातीची चिमूट जिभेवर ठेवली, पुढच्या दातांनी हळूच घासली आणि डोळे मिटून थांबले. गाळ दातांना करकरतो, चिकण लोण्यासारखी लागते. हे जुने लोक करायचे. पण मामांना तसं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग मी ट्रेचा नंबर वाचला. तो बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याच्या आवारातला नमुना होता. शिशाचा. धोक्याची लाल चिठ्ठी पिशवीला असते, ट्रेवर फक्त नंबर. तो ट्रे चुकीच्या कप्प्यात गेला होता.

“थुंक,” मी म्हणाले. “मामा, आधी थुंक.”

त्यांनी बेसिनमध्ये थुंकलं. मी नळ सोडला, ते चुळा भरत राहिले. सातव्या की आठव्या चुळीनंतर म्हणाले, “बास. दात विरघळतील आता.”

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“बोटं.”

ते स्टुलावर बसले. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले, दुसऱ्या कुणाचे सांभाळायला दिल्यासारखे. “आठ महिने. साखर. आधी पायाची जाणीव गेली, मग हाताची. चहाचा कप धरून पेपर वाचत बसलो होतो, मामीने ओरडून काढून घेतला. तळहाताला फोड आला तरी मला पत्ता नाही.”

“डॉक्टर?”

“गोळ्या देतो. म्हणतो, आहे तेवढं राखा.” ते थोडं हसले. “म्हटलं, नाहीये त्याचं बोला.”

मग त्यांनी माझ्या टेबलाकडे मान वळवली. “पेन्सिल तूच फिरवतेस ना? माझा सात असा नसतो.”

मी हो म्हटलं.

“मला वाटलं, दात सांभाळून घेतील. दहातले सात बरोबर यायचे.” त्यांनी हात पालथे केले. “गेल्या महिन्यात एका तळ्याच्या तळासाठी माती पाठवली होती कुणी. मी चिकण लिहिलं. तो नमुना दहावा नव्हता.”

तळाला गाळ घातला असेल तर ते तळं पाणी धरणार नाही. हे त्या खोलीत आम्हा दोघांनाही समजावून सांगायची गरज नव्हती.

“मॅडमना सांगावं लागेल,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

“मी सांगतो. तू नुसती बरोबर चल.”

जिन्यात मी त्यांना म्हटलं की निदान तीनच आठवडे सांगा, नळीचे आकडे तेवढेच आहेत. ते कठड्याला धरून एक एक पायरी बघत चढत होते.

लॅबप्रमुख मॅडमनी विचारलं, “कधीपासून?”

“आठ महिने,” मामा म्हणाले.

मग मी पेन्सिलीचं सांगितलं. मॅडमनी कपाळ चोळलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी आधी मामांना रक्त तपासायला पाठवलं, तळेवाल्यांना फोन लावला आणि मग हिशेब केला. जुने नमुने वर्षभर बरण्यांत ठेवतो आम्ही. नळ्या चोवीस, भिजवणं-धुणं धरून दिवसाला एकच खेप. आठ महिन्यांचे सगळे नमुने पुन्हा करायचे तर पावणेसात महिने, रोजचं काम सोडून. मामांचं टेबल बंद, ही फेरतपासणी संपेपर्यंत ते माझ्या मदतीला. माझ्या फाईलमध्ये ठपक्याचं एक पत्र.

तळं भरून झालं होतं. पाणी उतरत होतं.

मामांच्या रक्तात शिसं फार नाही निघालं. महिन्याने परत तपासायचं आहे.

आता सकाळी मावशी बरण्यांची गाडी ढकलत आणते आणि काही न बोलता निघून जाते. मामा घड्याळ घेऊन नळ्यांसमोर उभे राहतात, चाळीस सेकंद मोजतात आणि “वाच” म्हणतात. बरणीचं झाकण त्यांना घट्ट लावता येत नाही, ते मी लावते. काल, शंभरावी नळी भरायच्या आधी, त्यांनी माझ्या तळहातावर माती ठेवली आणि पाण्याची बाटली पुढे केली.

“आधी बोटांनी सांग.”

मी मळली, पट्टी काढली. ती इंचभर येऊन तुटली. “गाळ. थोडी चिकण.”

दोन तासांनी हायड्रोमीटर वाचला. चिकण बेचाळीस टक्के निघाली.

“चुकलीस,” मामा म्हणाले आणि पुढची बरणी घेतली. “पाणी कमी घातलंस.”